आक्कांच्या लाडवात बेदाणा

शांतवन आवळे पीत नाही, तंबाखू खात नाही, पत्त्यांना हात लावत नाही, ही गोष्ट उचगावात बऱ्याच जणांना माहीत होती. त्याचे वडील आकाराम एके काळी गटाराच्या कडेला सापडायचे. प्रभू येशूकडे वळल्यावर त्यांची बाटली एका दिवसात सुटली, आणि पुढची तीस वर्षं ते प्रत्येक प्रार्थनासभेत उभे राहून तीच साक्ष देत राहिले. शांतवन लहानपणी पहिल्या बाकावर बसून ती ऐकायचा. ज्याचा वास येतो, ज्यानं माणूस झोकांड्या खातो, ज्याच्यापायी आई रडते, ते व्यसन. एवढं त्याला तिथं समजलं होतं. खाण्याचं नाव त्यात कधी आलं नाही.

आणि कोल्हापूरसारख्या गावात ते येणार तरी कसं? इथं भरपूर खाणाऱ्या माणसाकडं लोक कौतुकानं बघतात. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शांतवन स्टोअरला होता. कॅन्टीनमध्ये त्याच्यापुढं बसलेले लोक म्हणायचे, "आवळे, तुला ताट न्हाय, परात लागतीया." तो हसायचा. सत्तेचाळीस वर्षांचा, अंगानं थोराड, स्वभावानं गरीब माणूस. कुणाशी भांडण नाही. चर्चच्या कमिटीत पंच म्हणून तीनदा निवडून आला होता.

पण लोकांना दिसायचं ते त्याचं खरं खाणं नव्हतंच. कामावरून सुटला की तो हायवेला एका बेकरीपाशी गाडी थांबवायचा. सहा क्रीमरोल, कधी आठ. सर्व्हिस रोडच्या कडेला गाडीआड उभं राहून ते संपवायचे, कागद दुसऱ्याच्याच कोंडाळ्यात टाकायचे आणि उरलंसुरलं गाडीच्या डिकीत, रेनकोटाखाली. घरी येऊन पुन्हा व्यवस्थित जेवायचा, कारण जेवला नाही तर एस्तेर, त्याची बायको, विचारणार. भूक नसायची. हेच त्याला कळायचं नाही. चवही तिसऱ्या रोलनंतर लागायची नाही. हात मात्र चालू असायचा, आणि संपल्यावर तो शर्टावरचा चुरा झाडत उभा राहायचा, आत्ता इथं कोण खात होतं ते शोधत असल्यासारखा.

त्यानं उपाय केले नव्हते असं नाही. दोन वर्षांपूर्वी इस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्यानं चाळीस दिवस सूर्यास्तापर्यंत फक्त पाणी घेतलं. पाळकसाहेबांनी भर उपासनेत त्याचं नाव घेऊन शाबासकी दिली. पण दिवस मावळला की तो जे खायचा, ते बघायला कुणी नव्हतं. चाळीस दिवसांनी त्याचं वजन सहा किलो वाढलं होतं. "अवो, उपास करून माणूस फुगतंय व्हय?" एस्तेर म्हणाली. मग एका बाहेरगावच्या प्रवचनकारानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून खादाडपणाच्या आत्म्याला निघून जायला सांगितलं. दोन दिवस खरंच काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी आपोआप बेकरीकडं वळली. आत्मा परत आला की गेलाच नव्हता, का तो नव्हताच, हे कुणाला विचारावं तेही त्याला समजेना.

कारखान्याच्या तपासणीत साखर निघाली तेव्हा तो राजारामपुरीत डॉक्टर अदिती यांच्याकडं गेला. गोड किती खाता, असं त्यांनी विचारलं. "चहात एक चमचा," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगामाचा सण आला. त्या रविवारी लोक आपापल्या घरचं काही ना काही देवाला अर्पण म्हणून आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातो. उचगावातल्या घरांतून वस्तू गोळा करायचं काम शांतवनकडं होतं. शनिवारी सकाळी तो रिक्षा घेऊन फिरला. भोपळे, तांदळाच्या पिशव्या, अंडी, उसाची एक मोळी. आणि सगुणाआक्कांचा स्टीलचा डबा.

सगुणाआक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. दोन गल्ल्या पलीकडं मुलाबरोबर, सम्राटबरोबर, राहायच्या. त्यांच्या बेसनाच्या लाडवांसाठी लिलावात दरवर्षी चढाओढ लागायची. डबा हातात देताना त्या म्हणाल्या, "पंचवीस हायत. देवाचं हाय, संबाळून ने."

एस्तेर बहिणीकडं गडहिंग्लजला गेली होती. सगळं सामान शांतवननं पुढच्या खोलीत मांडून ठेवलं. दुपारी दोनच्या सुमाराला लाडू नीट बसलेत का, हे बघायला त्यानं डब्याचं झाकण काढलं. निदान त्याला तरी तसंच वाटलं. चौथ्या लाडवापर्यंतचं त्याला आठवतं. मध्ये फोन वाजला. एस्तेर होती. "जेवलासा का?"

"व्हय. आमटी-भात." तोंडातला घास त्यानं गालात सरकवला होता.

फोन ठेवून तो परत डब्यापाशी आला. तळाशी आक्कांनी जुन्या कॅलेंडरचा कागद कापून घातला होता. त्यावरचे तुपकट आकडे दिसले तेव्हा तो थांबला. दोन लाडू उरले होते. मग तेही ठेवण्यात अर्थ राहिला नव्हता.

पोट गच्च झालं होतं, घाम सुटला होता. देवाचं म्हणून दिलेलं आपण खाल्लं, हे त्याच्या डोक्यात आलं. पण त्याहून मोठ्यानं दुसरा विचार आला की संध्याकाळपर्यंत डबा भरला पाहिजे. त्यानं गाडी काढली, राजारामपुरीतल्या एका मिठाईच्या दुकानातून बेसनाचे पंचवीस लाडू आणले आणि त्याच कागदावर, त्याच डब्यात, गोल रचले. झाकण लावल्यावर त्याला हलकं वाटलं, जवळजवळ आनंद झाला. आणि मग त्या आनंदाचीच भीती वाटली.

रविवारी आक्कांचा डबा नेहमीसारखा चढ्या बोलीनं गेला. घेणाऱ्यानं तिथंच उघडून सगळ्यांना वाटला. आक्कांच्या हातातही एक लाडू आला. त्यांनी घास घेतला आणि चघळता चघळता थांबल्या.

"ह्यात बेदाणा हाय," त्या म्हणाल्या.

"मग छानच की," पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, म्हणाल्या.

"मी बेदाणा घालत न्हाय. आमच्या मालकास्नी खपत नव्हता. चाळीस वर्सांत घातल्याला न्हाय."

"घातला असंल, आक्का. इसरला असशिला," कुणीतरी म्हणालं, आणि चारजण हसले. सम्राटला ओशाळल्यासारखं झालं. "आई, परवा दूध उतू गेलं ते तरी तुझ्या ध्यानात होतं का?" तो हळूच म्हणाला.

आक्कांनी डबा हातात घेऊन फिरवून बघितला. तळाला त्यांचंच नाव कोरलेलं होतं. मग त्यांनी शांतवनकडं बघितलं. "तू आणलास न्हवं? डबा बदलला न्हाय न्हवं?"

"न्हाय, आक्का. डबा तोच हाय."

हेही खोटं नव्हतं. घरी जाताना त्याला वाटलं, आपण खोटं न बोलता किती दिवस जगतोय!

पुढचे दिवस त्याचे विचित्र गेले. कधी वाटायचं, लाडू ते काय, एवढं मनाला लावून घ्यायचं काही कारण नाही. कधी कॅन्टीनमध्ये तो ताट अर्धं टाकून उठायचा. बेकरीपाशी गाडी मात्र रोज थांबायची, पूर्वीपेक्षा जास्त वेळ.

तीन आठवड्यांनी पाळकसाहेबांनी त्याला सांगितलं, "सगुणाआक्का सणापासून चर्चला आल्या नाहीत. जरा जाऊन ये." पंच म्हणून ते त्याचं कामच होतं. गुरुवारी रजा टाकून सकाळी तो गेला. सम्राट कामाला गेला होता.

"सलाम, आक्का."

"सलाम. ये, बस. च्या हुनार न्हाय. शेगडी बंद करून गेलाय त्यो."

स्वयंपाकघरात गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवला होता. फळीवरच्या डब्यांना सम्राटच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. मीठ. साखर. सोडा. मेंदूच्या डॉक्टरची तारीख घेतली होती. आक्का एका वहीत सकाळपासून काय काय केलं ते लिहून ठेवत होत्या.

"शांतवना, मला कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "बेदाणा घरात आणलाच नव्हता, हे मला चक्क आठवतंय. पर बेदाणा तर व्हता, मी सोता खाल्ला. मग ही आठवण तरी खरी कशावरनं? आनि ही जर खरी न्हाय, तर माज्या मालकास्नी बेदाणा खपत नव्हता, ही तरी खरी का?"

शांतवननं फळीवरच्या चिठ्ठ्यांकडं बघितलं.

"प्रार्थना कर," त्या म्हणाल्या. "माज्या डोस्क्यासाठी कर." आणि त्यांनी पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले.

त्यानंही मिटले. सवयीचे शब्द तोंडात होतेच. "हे आमच्या स्वर्गीय बापा, तुझ्या या मुलीकडं कृपादृष्टीनं पाहा. हिच्या मनाला..." इथं तो अडला. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं, पण येईना. बाहेर भाजीवाल्याची आरोळी येऊन गेली. "बापा," तो म्हणाला, "आक्कांच्या डोक्याला काय झालेलं न्हाय. तुला ते ठाऊक हाय. लाडू मी खाल्ले. तेवीस खाल्ले, मग राहिलेले दोन खाल्ले. बेदाण्याचे मी विकत आणले." यापुढं काय मागावं ते त्याला सुचलं नाही. प्रार्थना कशी संपवायची तेही सुचलं नाही.

"आमेन," आक्काच सवयीनं म्हणाल्या. मग त्यांनी डोळे उघडले.

"सगळं?"

"सगळं."

"येकट्यानं?"

"येकट्यानं."

"म्हंजे माजं डोस्कं ठीक हाय."

"ठीक हाय, आक्का."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, बराच वेळ पुसत राहिल्या. मग एकदम आवाज चढला. "आरं, तीन हप्तं मी मिठाच्या डब्यात बोट घालून चाखत्या, हे मीठच हाय का म्हनून! पोरगं मला येडी समजाय लागलंय! भूक लागलीती तर मागायचंस की माज्याकडं. परात भरून दिलं असतं!"

"भूक नव्हती, आक्का. तेच तर मला कळत न्हाय. भूक कधीच नसती."

आक्का त्याच्याकडं बघत राहिल्या, आणि जे बघत होत्या ते त्यांना आवडलं नसावं.

"आकारामबी असंच म्हनायचा," त्या म्हणाल्या. "तान नव्हती, म्हनायचा. तुजी आई रडत माज्याकडं यायची. लाकडाच्या ढिगात हात घातला की बाटली लागायची तिला. तू कुठं लपिवतोस?"

"गाडीच्या डिकीत," तो म्हणाला.

सत्तेचाळीस वर्षांत त्याला वडिलांची आणि आपली गोष्ट एक वाटली नव्हती. उलट, वडिलांची ती वाट आपण घेतली नाही, यावरच तो उभा होता. आता त्या वाटेवर आपण किती वर्षं चालतोय, हे त्याला मोजता येईना.

आक्कांनी त्याला क्षमा केली की नाही, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सम्राटला तू सांगायचंस. आनि मंडळीतबी. येडी म्हनून माजं नाव झालंय, ते तू पुसायचंस."

सम्राटनं ऐकून घेतलं, रेग्युलेटर परत बसवला, आणि त्यानंतर कित्येक महिने शांतवनशी शब्द बोलला नाही. एस्तेरनं वेगळंच केलं. त्यानं सगळं सांगितल्यावर ती काही न बोलता बाहेर गेली, डिकी उघडली, रेनकोट झटकला, आतला चुरा पुसून काढला. मग आत येऊन म्हणाली, "डिकीतलं कागद मला कवाच घावलंतं. मला वाटायचं, माझ्या हातचं तुमास्नी आवडंना झालंय."

"तसं कधीच नव्हतं."

"मग कसं व्हतं?"

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि हे आपल्यामुळं रडतेय एवढं त्याला कळलं.

पाळकसाहेब, उदयसिंह सातपुते, चांगला माणूस. त्यांनी आधी नेहमीचा मार्ग सांगितला: देहाच्या वासना, त्यांच्यावर उपवास आणि प्रार्थना. "एकवीस दिवसांचा धर. मीही तुझ्याबरोबर धरतो." तेव्हा शांतवननं मागच्या चाळीस दिवसांची हकिकत सांगितली. काय खायचा, कुठं खायचा, वजन किती वाढलं.

पाळकसाहेब खुर्चीत मागं टेकले. "मी तुला सगळ्यांपुढं शाबासकी दिली होती."

"व्हय."

"मग आता तुला काय सांगावं, मला कळत नाही, शांतवन. पण तू डॉक्टरांनाही हे सगळं सांग. मला सांगितलंस तसं."

डॉक्टर अदिती यांनी तासभर ऐकून घेतलं. चहातल्या चमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. हा आजार आहे आणि बऱ्याच लोकांना असतो, असं त्या म्हणाल्या. एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. "आणि उपास पूर्ण बंद. ठरलेल्या वेळी, दिवसातून तीनदा जेवायचं. भूक नसली तरी चुकवायचं नाही. एकट्यानं काही खायचं नाही."

"आजार हाय म्हंजे पाप न्हाय?" त्यानं विचारलं.

"ते माझ्या विषयात येत नाही," त्या म्हणाल्या, आणि थोडं हसल्या.

हा गुंता घेऊन तो पुन्हा पाळकसाहेबांकडं गेला. आजार असेल तर पश्चात्ताप कसला करायचा? पाप असेल तर वेळापत्रक पाळून ते कसं सुटणार? पाळकसाहेबांनी विचार केला. "खाणं आजार असेल," ते म्हणाले, "पण आक्कांना तीन आठवडे वेड्यात काढू दिलंस, त्याला डॉक्टरांकडं औषध नाही. तेवढं तुला आणि मला वेगळं करता येतंय. बाकीचं मलाही नाही येत."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो मंडळीपुढं उभा राहिला. वडिलांना साक्ष देताना त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ती विजयाची साक्ष असायची. याच्याकडं विजय नव्हता. त्यानं लाडवांचं सांगितलं. आकडा ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकला. लोकांना ती गंमतच वाटली. दारू सोडल्याच्या साक्षीला कधी कुणी हसलं नव्हतं. तो मध्येच थांबला, आपण काय सांगत होतो ते विसरला.

आक्का पुढच्या बाकावरून उठल्या. "हसू नगा," त्या म्हणाल्या. "त्येनं मला सांगितलं तवा मी हसले नव्हते." आणि खाली बसल्या.

तो पुढं बोलला, तीन-चार वाक्यं. पंचपद सोडत असल्याचं सांगितलं. बाहेर आल्यावर एका बाईंनी मोठ्या मायेनं त्याच्या हातावर केकचा तुकडा ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, खा," त्या म्हणाल्या. तुकडा हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी एस्तेरनं तो काढून घेतला.

आता दर गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात तिघं बसतात: ते, शांतवन, आणि दारू सोडलेला गणपतराव म्हणून एक रिक्षावाला. गणपतराव म्हणतो, "माझं बरं हाय. गुत्त्याकडं गेलो न्हाय की झालं. तुला तर रोज तीनदा गुत्त्यात जाऊन थोडीच पिऊन परत याय लागतंय." शांतवनला हे पटतं. वडिलांचं एका दिवसात सुटलं, आपलं तसं सुटणार नाही, हेही आता हळूहळू पटतंय. पूर्वी तो 'हे माझ्यातून काढून टाक' अशी प्रार्थना करायचा. आता पुढच्या जेवणापुरतं मागतो. हे मागणं मोठं की लहान, त्याला ठरवता येत नाही. नाताळात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा तो पुन्हा बेकरीपाशी उभा राहिला. दोन्ही वेळा घरी येऊन एस्तेरला सांगितलं. साखर थोडी उतरली आहे. समुपदेशक बाई वडिलांबद्दल फार विचारतात; तिथून येताना त्याचं डोकं जड होतं.

मग उपवासकाळ आला. सगळ्या मंडळीत हा एकटाच तीन वेळा जेवत होता. शेवटी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, उजाडला. त्या दिवशी लहान-मोठे सगळे उपाशी असतात आणि दुपारी बारापासून तीनपर्यंत क्रुसावरच्या सात वचनांवर सात संदेश होतात. एक वाजला. शांतवनची जेवायची वेळ झाली होती. तो बाकावर चुळबुळ करत बसला. आज तरी चुकवावं, असं वाटत होतं. आणि आज चुकवलं तर संध्याकाळी काय होईल, हेही त्याला माहीत होतं. प्रभूच्या मरणाच्या तासाला उठून जेवायला जाणारा माणूस कसला ख्रिस्ती, असं मन म्हणत होतं. एस्तेरनं पिशवी उचलली आणि त्याच्या कोपराला धरून उठवलं.

चर्चच्या बाजूच्या पायरीवर, सावलीत दोघं बसली. तिनं डबा उघडला. दोन भाकरी, मेथीची भाजी. तिनं एक भाकरी स्वतःकडं घेतली.

"तुझा उपास हाय की," तो म्हणाला.

"एकट्यानं खायचं न्हाय म्हणून सांगितलंय न्हवं?" ती म्हणाली, आणि तुकडा मोडला.

आतून पाळकसाहेबांचा आवाज येत होता. खिडकीतून कुणीतरी वाकून बघितलं आणि मान मागं घेतली. शांतवननं भाकरी संपेपर्यंत मान वर केली नाही. देवाला हे चाललं का, त्याला कळलं नाही. पोट भरलं होतं, एवढं मात्र कळलं. नळावर हात धुऊन दोघं आत गेली, तेव्हा पाचवं वचन सुरू झालं होतं: 'मला तहान लागली आहे.'